राजधानी पडली, सरकार कैदेत गेलं, तरी देश कसा मिळाला? : इंडोनेशिया १९४५-४९

बखरकार

१९ डिसेंबर १९४८ला पहाटे डच छत्रीधारी सैनिक इंडोनेशियन प्रजासत्ताकाची तेव्हाची राजधानी योग्यकार्ता, तिच्याजवळच्या मागुवो विमानतळावर उतरले. दिवस मावळायच्या आत शहर त्यांच्या हातात होतं आणि राष्ट्राध्यक्ष सुकार्नो, पंतप्रधान हट्टा, माजी पंतप्रधान शाहरीर आणि परराष्ट्रमंत्री अगुस सालिम कैदेत होते. त्यानंतर एक वर्ष आणि आठ दिवसांनी, २७ डिसेंबर १९४९ला, त्याच डचांनी अ‍ॅमस्टरडॅमच्या राजवाड्यात त्याच हट्टांच्या हाती सार्वभौमत्व सोपवलं. रणांगणावर जिंकलेल्याने सगळं का सोडलं, हा या धाग्याचा विषय.

आपल्याकडे याची दोन सोपी उत्तरं ऐकू येतात. एक, 'अमेरिकेने डचांचा कान पिळला'. दुसरं, 'गनिमी काव्याने डच थकले'. माझ्या मते दोन्ही अर्धी आहेत. युद्धाने वाटाघाटींना वेळ मिळवून दिला, वाटाघाटींनी युद्धाला साक्षीदार मिळवून दिले. यातलं एक जरी तुटलं असतं तरी दुसरं वर्षभरात कोसळलं असतं.

सुरुवात ऑगस्ट १९४५पासून. १५ तारखेला जपानने शरणागती जाहीर केली आणि १७ला सुकार्नो-हट्टांनी जकार्तात पेगांगसान तिमुर ५६ या घरासमोर स्वातंत्र्य जाहीर केलं. ब्रिटिश फौज जकार्तात उतरली ती २९ सप्टेंबरला. मधले सहा आठवडे फार मोलाचे. घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी राज्यघटना आली, महिनाअखेर पुढे संसदेचं काम करणारी मध्यवर्ती राष्ट्रीय समिती बसली, आणि रेल्वे, टपाल, रेडिओ, कचेऱ्या एकेक करून ताब्यात घेतल्या गेल्या. दोस्त राष्ट्रं आली तेव्हा त्यांच्यासमोर नुसती चळवळ नव्हती, चालतं सरकार होतं.

याच आठवड्यांत एक मोठी चूकही झाली. जपान्यांनी जावात 'पेटा' नावाची स्थानिक फौज उभारली होती, सुमारे ३७,००० जणांची. शरणागतीनंतर लगेच जपान्यांनी तिची हत्यारं काढून घेतली आणि माणसं घरी पाठवली. प्रजासत्ताकाने तिला तेव्हाच सैन्य म्हणून परत उभं केलं नाही. दोस्तांना भडकवायला नको म्हणून २२ ऑगस्टला फक्त 'जनसुरक्षा दल' काढलं. खरं सैन्य जाहीर झालं ५ ऑक्टोबरला. तोवर गावोगावच्या तरुणांनी जपानी कोठारं फोडून आपापली पथकं काढली होती, कुणी पक्षाची, कुणी मशिदीची, कुणी एखाद्या दादाची. ही 'लास्कार' पथकं एका हुकमाखाली आणायला पुढची तीन वर्षं गेली आणि त्यात बरंच रक्त सांडलं.

---

टेहळणी

उत्तम धागा. पूर्व जावातल्या सुराबाया बंदराबद्दल लिहितो, कारण त्यात मराठी माणसाचा थेट संबंध आहे आणि आपल्याकडे तो क्वचितच सांगितला जातो.

२५ ऑक्टोबर १९४५ला ब्रिगेडियर मॅलबींची ४९वी भारतीय ब्रिगेड सुराबायात उतरली. तिच्यात राजपुताना रायफल्सबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. काम होतं जपान्यांना निःशस्त्र करणं आणि छावण्यांतल्या युरोपीय कैद्यांना सोडवणं. पण शहरातल्या जपानी नौदलाची बरीचशी हत्यारं त्याआधीच तरुणांच्या हाती गेली होती. व्हाइस अ‍ॅडमिरल शिबातांनी कोठारं जवळजवळ उघडीच टाकली होती.

२६ तारखेला मॅलबींनी स्थानिक नेत्यांशी समझोता केला की हत्यारं जपान्यांची काढून घेतली जातील, इंडोनेशियनांची नाही. २७ला जकार्ताहून विमान आलं आणि त्याने पत्रकं टाकली, ४८ तासांत सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवा, नाहीतर गोळी. वरच्या मुख्यालयाने हे खालच्या ब्रिगेडियरला न विचारता केलं होतं. शहराच्या नजरेत मॅलबी खोटे ठरले.

दुसरी चूक मांडणीची. ब्रिगेड शहरभर लहान लहान तुकड्यांत विखुरली होती. इस्पितळ, वीजकेंद्र, रेडिओ, छावण्या, प्रत्येक इमारतीत थोडे थोडे जवान. निवाऱ्याचं आणि पहाऱ्याचं काम असेल तर ही मांडणी ठीक, लढाईत ती आत्मघातकी. रणगाडे नाहीत, तोफखाना नाही, जवळचा दारूगोळा संपला की पुढचा यायला वाट नाही. २८ला संध्याकाळी हजारो लोक एकाच वेळी या ठाण्यांवर तुटून पडले आणि एकेक ठाणं वेगळं गाठून कापलं गेलं. ब्रिगेड पुरती संपायच्या बेतात असताना ब्रिटिशांनीच सुकार्नो-हट्टांना विमानाने सुराबायात आणलं आणि ३०ला शस्त्रसंधी झाली. त्याच संध्याकाळी लाल पुलाजवळ 'इंटरनॅशिओ' इमारतीपाशी मॅलबी मारले गेले. इमारतीत अडकलेली कंपनी मराठ्यांची होती.

१० नोव्हेंबरला मॅन्सर्गची ५वी भारतीय डिव्हिजन रणगाडे, तोफा, विमानं आणि युद्धनौकांसह आत घुसली. शहर पूर्ण घ्यायला सुमारे तीन आठवडे लागले. इंडोनेशियनांनी हजारो माणसं आणि हाती आलेल्या हत्यारांचा मोठा साठा गमावला. तो दिवस आज तिथे 'वीर दिन' आहे.

सैनिकी हिशेबात हा पराभवच. राजकीय हिशेबात नाही. डचांसाठी हा देश परत जिंकायचा तर किती डिव्हिजन लागतील याची ब्रिटिशांना कल्पना आली, आणि तिथून पुढे लंडन हेगला एकच सांगू लागलं की बोलणी करा.

---

मीनल_ग

टेहळणी दादा, एक प्रश्न. डचांच्या वसाहतीत भारतीय सैनिक का मेले? आणि काँग्रेसने विरोध केला नाही का?

---

टेहळणी

मीनलताई, डचांकडे तेव्हा पाठवायला फौजच नव्हती. हॉलंड स्वतः मे १९४५पर्यंत जर्मनांच्या टाचेखाली होतं. जावा-सुमात्राची जबाबदारी माउंटबॅटनच्या आग्नेय आशिया कमांडवर आली आणि तिच्या हाताशी प्रामुख्याने भारतीय डिव्हिजन होत्या.

विरोध कडक झाला. नेहरूंनी भारतीय सैनिक असे वापरायला जाहीर हरकत घेतली. तारखा शेजारी ठेवून पाहा: सुराबायाची लढाई नोव्हेंबर १९४५ची, आणि त्याच नोव्हेंबरात लाल किल्ल्यावर आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांचा खटला सुरू झाला. दुसऱ्याच्या वसाहतीसाठी भारतीय सैनिक किती काळ लढवता येतील, याची मुदत दिल्लीत ठरत होती. नोव्हेंबर १९४६अखेर ब्रिटिश-भारतीय फौजा निघून गेल्या. लिंगजाती कराराचा मसुदा त्याच महिन्यात, १५ तारखेला ठरला, हा योगायोग नाही. पंच घरी निघाला होता म्हणून दोन्ही पक्ष कागदावर आले.

ऑस्ट्रेलियातही सप्टेंबर १९४५पासून गोदी कामगारांनी डच जहाजांवर बहिष्कार टाकला होता. त्यात भारतीय खलाशी सामील होते, डच जहाजं सोडून ते उतरले.

---

हिशेबनीस

सगळे लढायांवर बोलतायत, मी पैशावर बोलतो. सरकार चालतं ते पगारावर.

१९४५-४६मध्ये जावात जपानी छापाच्या नोटांचा पूर होता. डचांनी आपल्या भागात वेगळी नोट आणली. लोक तिला 'निकाची नोट' म्हणत ('निका' म्हणजे परतलेलं डच वसाहती प्रशासन), आणि ती खिशात सापडली तर प्रजासत्ताकाच्या हद्दीत माणूस गद्दार ठरे. प्रजासत्ताकाने ३० ऑक्टोबर १९४६ला स्वतःचा रुपिया काढला, 'ओरी'. बदलाचा दर जावात ५० जपानी रुपयांना १ ओरी, जावाबाहेर १००ला १. नोटेवर तारीख मात्र १७ ऑक्टोबर १९४५ची. म्हणजे छपाईला वर्ष गेलं. मोठ्या शहरांतले छापखाने हातातून गेले होते, शाई-कागदाची टंचाई होती, यंत्रं आत जावात हलवावी लागली.

नोट निघाली तशी ती घसरलीही. कर गोळा होत नव्हता, सैन्याचा खर्च छापूनच भागत होता. वर डचांनी समुद्राची नाकेबंदी केली. साखर, रबर, कुनैन गोदामांत पडून आणि आत कापड नाही, औषध नाही, सुटे भाग नाहीत. लोक गोणपाट नेसून हिंडत होते, हे शब्दशः खरं आहे.

नाकेबंदी फोडायचे मार्ग तीन. पहिला, सुमात्रातून सिंगापूरला रबराची चोरटी वाहतूक, परतीला हत्यारं आणि गणवेशाचं कापड. दुसरा, अफू. वसाहतीच्या काळातल्या अफूच्या मक्तेदारीचा साठा प्रजासत्ताकाच्या हाती लागला होता, तो विकून परकीय चलन उभं केलं गेलं. ज्यांना हा इतिहास फक्त उजळ हवा आहे ते हे टाळतात, पण परदेशातल्या कचेऱ्यांचा खर्च काही प्रमाणात यावर चालला. तिसरा मार्ग सर्वात हुशार. १९४६मध्ये शाहरीर यांनी भारताला ५ लाख टन भात देऊ केला, बदल्यात कापड आणि अवजारं. भारतात बंगालच्या दुष्काळाची आठवण ताजी होती, धान्याची टंचाई होती. नाकेबंदीमुळे प्रत्यक्षात त्यातला थोडाच माल हलला. पण ज्याला डच 'जपान्यांचं बाहुलं' म्हणत होते, ते सरकार दुसऱ्या देशाला धान्य पुरवायचा करार करत होतं. राजनैतिक मान्यता अशीही मिळते.

---

बखरकार

हिशेबनीस, भाताचा मुद्दा फार नेमका.

लिंगजातीबद्दल थोडं. करार सही झाला २५ मार्च १९४७ला. जावा, सुमात्रा, मदुरा यांवर प्रजासत्ताकाची प्रत्यक्ष सत्ता डचांनी मान्य केली आणि दोघांनी मिळून संघराज्य काढायचं ठरलं. आपल्या बाजूने तो मंजूर करून घेताना सुकार्नोंना मध्यवर्ती समितीची सदस्यसंख्या २०० वरून ५१४ करावी लागली. तिकडे हेगच्या संसदेने करार मंजूर केला तो स्वतःचा अर्थ लावून, जोडपत्रांसह. म्हणजे एका कागदाचे दोन करार. अशा करारात पहिलं भांडण हद्दीवरून होत नाही, 'मधल्या काळात पोलीस कोणाचे' यावरून होतं. इथे तेच झालं. डचांना प्रजासत्ताकाच्या हद्दीत संयुक्त पोलीस दल हवं होतं. शाहरीर बऱ्याच गोष्टींना हो म्हणाले आणि त्यातच त्यांचं मंत्रिमंडळ पडलं. त्यांच्या जागी आलेल्या अमीर शरिफुद्दीनांनीही पोलिसांच्या मुद्द्यावर नकार दिला. २१ जुलै १९४७ला डच चाल करून आले.

---

टेहळणी

या मोहिमेचं नावच 'प्रॉडक्ट' होतं आणि उद्दिष्ट नावातच आहे. पूर्व सुमात्राचे मळे, पालेंबांगचं तेल आणि कोळसा, पश्चिम आणि पूर्व जावाची बंदरं आणि साखर कारखाने. डच तिजोरी रिकामी होती, फौजेचा खर्च या मालातून निघायचा होता. लाखभर सैनिक, चिलखती गाड्या, मुख्य रस्त्यांनी झपाट्याने मुसंडी. दोन आठवड्यांत जवळजवळ सगळं ठरलेलं हाती आलं.

इंडोनेशियन फौजेची चूक अशी की ती रस्ता अडवून रांगेत उभी राहिली. शहराबाहेर खंदक, झाडं आडवी पाडलेली, पूल उडवलेले. चिलखती गाड्यांना बगल द्यायला कच्च्या वाटा होत्या, आणि विमानं एकाच बाजूची होती. रांग एका ठिकाणी फुटली की मागची सगळी निरुपयोगी. पुढे इंडोनेशियन सेनाधिकारी नासुतिऑन यांनी जे लिहून काढलं ते याच धड्यातून: रांगेत लढू नका, जिल्ह्याजिल्ह्यात स्वतःपुरतं पुरेसं लष्करी क्षेत्र करा, शत्रू शहरात शिरला की त्याच्या पाठीमागे शिरा.

---

मीनल_ग

मग डच योग्यकार्तापर्यंत तेव्हाच का गेले नाहीत? दोन आठवड्यांवर काय थांबवलं?

---

बखरकार

सुरक्षा परिषदेने. डचांनी मोहिमेला 'पोलिसी कारवाई' म्हटलं ते मुद्दाम. देशांतर्गत बाब असेल तर संयुक्त राष्ट्रांना हात घालता येत नाही. ३० जुलैला भारत आणि ऑस्ट्रेलिया दोघांनी प्रश्न परिषदेकडे नेला. ऑस्ट्रेलियाने सनदेचं ३९वं कलम वापरलं, म्हणजे 'शांततेचा भंग'. १ ऑगस्टला ठराव झाला, ४-५ ऑगस्टला गोळीबार थांबला. भारत तेव्हा स्वतः स्वतंत्र व्हायला पंधरा दिवस होते!

तिथे बोलायला माणूस पोचणंही अवघड होतं, कारण डचांनी आकाश बंद केलं होतं. ओडिशाचे बिजू पटनाईक आपल्या डकोटा विमानातून गेले आणि त्याच जुलैत शाहरीर यांना जावाबाहेर घेऊन आले. १४ ऑगस्टला शाहरीर सुरक्षा परिषदेसमोर बोलले. हे किती जोखमीचं होतं ते २९ जुलैला दिसलं. भारतीय नोंदणीची व्हीटी-सीएलए ही डकोटा औषधं घेऊन योग्यकार्ताला उतरत असताना डच विमानांनी पाडली. इंडोनेशियन हवाई दलाचे आदिसुचिप्तो आणि अब्दुलरहमान सालेह त्यात गेले.

---

पानगळ

एक विरुद्ध मत मांडतो. १९४७ची शस्त्रसंधी प्रजासत्ताकाच्या फायद्याची नव्हती, तोट्याची होती. १७ जानेवारी १९४८चा रेनव्हिल करार बघा. अमेरिकन जहाजावर सही झाली म्हणून नाव रेनव्हिल. हद्द म्हणून 'व्हान मूक रेषा' मान्य केली, आणि ती रेषा डच तुकड्या सर्वात पुढे पोचलेले बिंदू जोडून आखली होती. मधल्या पट्ट्यांत प्रजासत्ताकाची फौज शाबूत होती तरी तिला बाहेर काढायचं ठरलं. पश्चिम जावातली सिलिवांगी डिव्हिजन रेल्वेने आणि जहाजाने मध्य जावात हलवली गेली. न हरता सोडलेला मुलुख! अमीर यांचं मंत्रिमंडळ त्याच महिन्यात पडलं.

परिणाम पाहा. मध्य जावात भात कमी, बंदर नाही, त्यात हजारो सैनिक आणि निर्वासित. नवे पंतप्रधान हट्टा सैन्य कमी करायला निघाले, ज्या पथकांवर कुऱ्हाड पडणार ती चिडली. डाव्यांनी त्याचा फायदा घेतला आणि १८ सप्टेंबर १९४८ला मदियुनमध्ये उठाव झाला. तिकडे पश्चिम जावात सिलिवांगी निघून गेल्याने झालेल्या पोकळीत कार्तोसुविर्योंची दारुल इस्लाम ही इस्लामी राज्यासाठी लढणारी बंडखोर चळवळ वाढली, ती १९६२पर्यंत लढत राहिली. एका रेषेने दोन यादव्या पेरल्या.

---

बखरकार

पानगळ, यादव्यांबद्दल पूर्ण सहमत. पण रेनव्हिलचा जमेचा रकानाही वाचा. संयुक्त राष्ट्रांची समिती (बेल्जियम डचांनी निवडलेला, ऑस्ट्रेलिया इंडोनेशियाने, अमेरिका दोघांनी मिळून) जावात येऊन बसली. तिसरा माणूस खोलीत आला की 'अंतर्गत बाब' हा दावा संपतो. डिसेंबर १९४८ला हल्ला झाला तेव्हा ही समिती योग्यकार्ताच्या उत्तरेला कालिउरांगला होती. साक्षीदार घरात असताना डचांनी दार फोडलं.

आणि मदियुन. सुकार्नोंनी दुसऱ्या दिवशी रेडिओवरून जनतेला कम्युनिस्ट नेते मुसो किंवा सुकार्नो-हट्टा यांतून एक निवडायला सांगितलं. सप्टेंबरअखेर शहर परत घेतलं, मोहिमेत सिलिवांगीचाच मोठा वाटा. किंमत भयंकर होती, आपलीच माणसं मारली गेली. पण वॉशिंग्टनमध्ये त्या महिन्यापासून हे सरकार 'कम्युनिस्टांना स्वतः मोडणारं' ठरलं. डचांचा हुकमाचा पत्ताच गेला.

---

रेषाचित्र

म्हणजे अमेरिकाच निर्णायक, असंच झालं ना? २२ डिसेंबर १९४८ला मार्शल मदत (युद्धानंतर युरोपला मिळणारी अमेरिकन मदत) थांबवली आणि डच वाकले.

---

टेहळणी

नाही. २२ डिसेंबरला थांबवला तो मदतीतला फक्त ईस्ट इंडीजचा हिस्सा. खुद्द हॉलंडची मदत चालूच राहिली. एवढ्याने डच वाकले असते तर जानेवारीत कैदी सुटले असते. २८ जानेवारी १९४९ला सुरक्षा परिषदेने कैदी सोडा, सरकार योग्यकार्ताला परत येऊ द्या, १ जुलै १९५०पर्यंत सत्ता सोपवा असा ठराव केला, तोही डचांनी टाळला. अ‍ॅचेसन (अमेरिकन परराष्ट्रमंत्री) यांनी डच परराष्ट्रमंत्री स्टिकर यांना अटलांटिक कराराच्या (नाटोच्या) लष्करी मदतीबद्दल स्पष्ट ऐकवलं ते मार्चअखेर. मधले तीन महिने डचांकडे होते. त्या तीन महिन्यांत त्यांनी मोहीम संपवली असती तर अमेरिकेने झालेलं मान्य केलं असतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. ती संपली नाही, म्हणून दाब वाढला.

का संपली नाही, ते पाहू. डच सेनापती स्पूर यांची योजना डोकं छाटायची होती: राजधानी आणि मंत्रिमंडळ धरलं की फौज आपोआप विरघळेल. नाताळच्या सुट्टीचा हिशेबही त्यात होता. पण नासुतिऑन यांची योजना आधीच कागदावर होती. सेनापती सुदिरमान क्षयाने आजारी, एकच फुप्फुस चालतं, ते पालखीत बसून डोंगरात गेले आणि सुमारे सात महिने तसेच फिरले. सिलिवांगीचे लोक पश्चिम जावाला पायी परत निघाले, बायकामुलांसह, डच ठाणी चुकवत. रेनव्हिलने रिकामा केलेला मुलुख पुन्हा भरला.

आता संख्या बघा. जावाची वस्ती ५ कोटींच्या आसपास, डच फौज सगळी मिळून लाखाच्या वर. शहरं, मळे, पूल, साखर कारखाने, रेल्वे हे सगळं राखायचं तर फौज पंचवीस-तीस जणांच्या ठाण्यांत विखुरते. ठाण्याला रसद रस्त्यानेच येते, आणि रस्त्यात पुरायला गनिमांकडे न फुटलेले विमानी बॉम्ब होते, दोरी ओढून उडवायचे. रोज सकाळी रस्ता तपासल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि तपासणाऱ्यांवरच झाडीतून गोळी येते. ज्या मळ्यांसाठी युद्ध, ते जळत होते. सुराबायात ४९व्या ब्रिगेडची जी गत झाली तीच बेटभर डचांची झाली, फरक एवढाच की तीन दिवसांऐवजी सहा महिने लागले.

---

मीनल_ग

आणि सरकार? कैदेतलं सरकार हुकूम कसे काढणार?

---

बखरकार

हा भाग मला सर्वात आवडतो. १९ डिसेंबरला विमानं डोक्यावर असताना मंत्रिमंडळाची बैठक झाली. शहर सोडायचं नाही असं ठरलं. बाहेर पडायला पुरेसं संरक्षण नव्हतं, आणि समितीच्या डोळ्यांसमोर पकडलं जाणं जंगलात हरवण्यापेक्षा बरं. त्याच वेळी दोन तारा लिहिल्या. एक सुमात्रात असलेले मंत्री शफ्रुद्दीन प्रविरानेगारांना, तिथे आणीबाणीचं सरकार काढा. दुसरी नवी दिल्लीत अर्थमंत्री मारामिस आणि मंडळींना, सुमात्रात जमलं नाही तर भारतात निर्वासित सरकार काढा. सुमात्राची तार पोचलीच नाही. शफ्रुद्दीन यांनी २२ डिसेंबरला स्वतःच्या अकलेने सरकार जाहीर केलं. त्या सरकारचा राजवाडा म्हणजे एक रेडिओ यंत्र, डोंगरातून एका गावाहून दुसऱ्या गावी नेलेलं.

योग्यकार्तात सुलतान हमेंकुबुवोनो नववे आपल्या वाड्यातच राहिले. डचांना त्यांना हात लावायची हिंमत नव्हती, कारण लावला तर उरलेलं जावा पेटलं असतं. सुलतानांनी सहकार्य नाकारलं आणि प्रजासत्ताकाच्या नोकरांना आपल्या तिजोरीतून पैसे दिले. ज्यांना डचांनी स्वतः घडवलं होतं, त्या पूर्व इंडोनेशिया आणि पासुंदान या घटकराज्यांच्या मंत्रिमंडळांनीही हल्ल्याच्या निषेधार्थ राजीनामे दिले. माझ्या मते डचांचा सर्वात मोठा पराभव हाच. बंदुकीने न घेतलेला.

---

रेषाचित्र

१ मार्च १९४९चा योग्यकार्तावरचा हल्ला? सहा तासांत जगाचं मत फिरलं असं म्हणतात.

---

पानगळ

तारखा लावून बघा. इंडोनेशियातले डच सर्वोच्च प्रतिनिधी बेल यांनी लवकर सत्तांतर आणि हेगला गोलमेज परिषद ही योजना जाहीर केली ती २६ फेब्रुवारीला, म्हणजे हल्ल्याच्या तीन दिवस आधी. डच सरकलेलेच होते. मात्र बेल योजनेत प्रजासत्ताकाचं सरकार योग्यकार्ताला परत यायचं नव्हतं. लेफ्टनंट कर्नल सुहार्तोंच्या तुकड्यांनी दिवसाउजेडी सुमारे सहा तास शहर धरलं. बातमी डोंगरातल्या प्लायेनच्या रेडिओवरून सुमात्रा, अचे, ब्रह्मदेश, नवी दिल्ली अशी संयुक्त राष्ट्रांपर्यंत गेली. ३ मार्चला घटकराज्यांच्या परिषदेने मागणी केली, आधी प्रजासत्ताक योग्यकार्ताला परत, मग गोलमेज. हल्ल्याचा परिणाम इथे दिसतो. हल्ल्याची कल्पना सुलतानांची की सुहार्तोंची यावर तिथे आजही वाद आहे. सुहार्तोंच्या राजवटीत एकच उत्तर चालायचं.

रेडिओच्या साखळीत ब्रह्मदेश कुठून आला तेही सांगतो. १९४८मध्ये अचेच्या लोकांनी पैसा आणि सोनं गोळा करून प्रजासत्ताकाला 'सेउलावा' ही डकोटा घेऊन दिली. डिसेंबरात ती दुरुस्तीसाठी कलकत्त्याला होती, म्हणून वाचली. परतायला विमानतळच उरला नाही, तेव्हा ती रंगूनला भाड्याने उडू लागली आणि तिच्या कमाईवर परदेशातलं काम चाललं.

---

तेरेखोल

गोव्याशी तुलना करावीशी वाटते. १९ डिसेंबर १९४८ला डच योग्यकार्तात शिरले आणि १९ डिसेंबर १९६१ला पोर्तुगीजांनी गोव्यात शरणागती दिली. तारीख एक, तर्क उलटा. हॉलंडला संसद होती, निवडणूक होती, अमेरिकन मदतीची गरज होती. म्हणून दाब टाकायला जागा होती. सालाझार यांच्याकडे यातलं काही नव्हतं. संसदेला उत्तर द्यायचं नव्हतं, आणि अझोरेसचा तळ अमेरिकेला हवा होता, म्हणजे दाब उलट दिशेने. १५ ऑगस्ट १९५५ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या तरी लिस्बन हललं नाही. गोव्यात चौदा वर्षं बोलणी निष्फळ झाली ती भारताची बोलणी कच्ची होती म्हणून नाही, समोरच्यावर टाच ठेवायला जागा नव्हती म्हणून.

---

हिशेबनीस

तेरेखोल, अगदी बरोबर. शेवटचा हिशेब मांडतो. ७ मे १९४९ला रूम-व्हान रोयेन समझोता, ६ जुलैला सुकार्नो योग्यकार्तात परत, २३ ऑगस्ट ते २ नोव्हेंबर हेगला गोलमेज. तिथे सर्वात जास्त घासाघीस कर्जावर झाली. डच म्हणत होते ६१० कोटी गिल्डर कर्ज नव्या देशाने घ्यावं. त्यात इंडोनेशियनांविरुद्ध लढलेल्या मोहिमांचा खर्चही धरला होता. अमेरिकन प्रतिनिधी कॉक्रन यांनी ४३० कोटींवर आणून सोडलं. पश्चिम न्यू गिनी बाजूला ठेवलं. संघराज्य १७ ऑगस्ट १९५०ला विसर्जित होऊन एकसंध राष्ट्र झालं, कर्ज १९५६मध्ये नाकारलं गेलं, आणि न्यू गिनी १ मे १९६३ला इंडोनेशियाकडे आलं.

---

मीनल_ग

या युद्धात किती माणसं गेली? आणि डचांनी पुढे काही मान्य केलं का?

---

बखरकार

डच बाजूचे सुमारे ५,००० सैनिक, इंडोनेशियन लाखाच्या आसपास धरतात. ९ डिसेंबर १९४७ला पश्चिम जावातल्या रावागेदे गावातल्या पुरुषांना रांगेत उभं करून मारलं. गावकरी ४३१ म्हणतात. २०११मध्ये हेगच्या न्यायालयाने त्या विधवांच्या दाव्यात डच सरकारला जबाबदार धरलं आणि मुदत संपल्याचा सरकारचा बचाव फेटाळला.

तारखेचा वाद त्याहून लांबला. डचांच्या लेखी इंडोनेशिया २७ डिसेंबर १९४९ला स्वतंत्र झाला. १७ ऑगस्ट १९४५ मान्य केला तर 'पोलिसी कारवाई' हा शब्दच उरत नाही, ते एका देशावरचं आक्रमण ठरतं. २००५मध्ये परराष्ट्रमंत्री बेन बॉट १७ ऑगस्टच्या सोहळ्याला जकार्ताला गेले, पण कायदेशीर शब्द त्यांनी टाळला. जून २०२३मध्ये पंतप्रधान रुट्टे यांनी डच संसदेत सांगितलं की १७ ऑगस्ट १९४५ ही तारीख नेदरलँड्स पूर्णपणे आणि कोणतीही अट न ठेवता मान्य करतं.